युनोस रोडस्टर (एनए) आणि इतर तिशी उलटलेल्या जपानी टू-सीटर : पाळणाऱ्यांचा धागा

खोपोलीकर (योकोहामा)

जपानवासीयांच्या गप्पांच्या धाग्यावर माझ्या गाडीचा विषय निघाला की मूळ चर्चा भरकटते आणि संपादक कावतात, म्हणून हा वेगळा संसार थाटला. जुन्या जपानी स्पोर्ट्स गाड्या ज्यांच्याकडे आहेत, ज्यांना घ्यायच्या आहेत आणि ज्यांना दुसऱ्याच्या खर्चावर फक्त हसायचं आहे, सगळ्यांनी यावं.

माझ्याकडे युनोस रोडस्टर आहे. १९९० ची, १.६ लिटर, पाच गिअर, लाल. जपानबाहेर हीच माझदा एमएक्स-५, अमेरिकेत मियाता. पहिल्या पिढीला जगभर ‘एनए’ म्हणतात. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती लोकांनी पहिल्यांदा पाहिली आणि सप्टेंबरात जपानात विकायला आली. तेव्हा इथं पैशाला ऊत आला होता आणि माझदानं पाच वेगवेगळ्या नावांची विक्रीची दुकानं मांडली होती. त्यातलं एक युनोस. पुढे फुगा फुटला, दुकानं उठली, गाडीच्या नाकावर नाव राहून गेलं.

कल्पना मूळची बॉब हॉल या अमेरिकी मोटार-पत्रकाराची. इंग्लंडच्या छोट्या उघड्या टू-सीटर तोवर संपत आल्या होत्या. दिसायला देखण्या, पण तेल गळणार, वायरिंग धूर काढणार आणि पावसाळी सकाळी हटकून रुसणार. माझदानं तोच प्रकार केला, फक्त किल्ली फिरवली की चालू होणारा. प्रकल्पप्रमुख तोशिहिको हिराइ यांचा धोशा एकच होता, घोडा आणि स्वार एकजीव वाटले पाहिजेत. म्हणून इंजिन पुढे पण शक्य तितकं मागे सरकवलेलं, जोर मागच्या चाकांना, चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं. गिअरबॉक्स आणि मागचं डिफरन्शियल यांना जोडणारा एक लांब सांगाडा आहे, पीपीएफ म्हणतात त्याला. त्यामुळे अ‍ॅक्सिलरेटर दाबला काय किंवा सोडला काय, मधे कुठे लोंबकळल्यासारखं वाटत नाही.

कागदावर बघाल तर हसाल. १२० अश्वशक्ती, वजन ९४० किलो. सिग्नलला शेजारची सात सीटर पुढे निघून जाते आणि आतली पोरं टाटा करतात. करू देत. मजा वळणावर आहे. ओदावाराहून हाकोने टर्नपाइकनं वर चढायचं, सुमारे १४ किलोमीटर. माथ्यावर दाइकानझान, हजार मीटरच्या जरा वर. हवा साफ असेल तर समोर फुजी आणि खाली आशी तलाव. तिथून त्सुबाकी लाइननं युगावाराकडे उतरायचं. माझं लहानपण बोरघाटाच्या पायथ्याशी गेलं. घाट म्हणजे पुढे ट्रकचा पार्श्वभाग आणि ब्रेक लायनरचा जळका वास, ही माझी व्याख्या. इथं दुसऱ्या गिअरात इंजिन ४००० वर गुरगुरत असतं, वेग ५० च्या घरात, डोक्यावर सुगीची, म्हणजे जपानी सीडार झाडांची सावली. लायसन्स शाबूत ठेवून एवढी मजा मला दुसऱ्या कुठल्या गाडीनं दिलेली नाही. वेगाची हौस असलेल्यांनी दुसरी गाडी बघावी, मी भांडणार नाही.

चहाटळ (नाशिक)

माझदा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर स्वराज माझदा येते. आमच्या शाळेची बस तीच होती. टप उघडत नव्हता पण खिडक्यांच्या काचा बंद होत नव्हत्या, त्यामुळे वाऱ्याचा अनुभव असणारच सारखा. फोटो टाका, नुसतं वर्णन चालणार नाही.

सदाशिव_पेठी (पुणे)

लेखन छान. आता हिशोब द्या. पस्तीस वर्षांची गाडी, माणसं बसणार दोन, सामान बसणार एक पिशवी. वर्षाला किती जातात? जपानात जुन्या गाड्या सरकार ठेवू देत नाही असं ऐकून आहे.

खोपोलीकर

पेठी काका, ठेवू देतं, फक्त दंड घेतं. त्याला दंड म्हणत नाहीत एवढंच.

शाकेन, म्हणजे सरकारी तपासणी, दर दोन वर्षांनी. त्यात वजनावरचा कर असतो. एक टनाच्या आतल्या साध्या गाडीला दोन वर्षांचे १६,४०० येन. १३ वर्षं झाली की तो २२,८०० आणि १८ उलटली की २५,२००. सक्तीचा विमा २४ महिन्यांचा १७,६५०. तपासणीची फी दोन-अडीच हजार. स्वतः रिकुउन-क्योकुत, म्हणजे इथल्या आरटीओत, गाडी नेली तर ४५ हजारांच्या आसपास सुटतो. गॅरेजवाल्याला दिली तर त्याची मजुरी आणि निघेल ते काम वर. दरवर्षीचा मोटार कर वेगळा: दीड ते दोन लिटरच्या नव्या गाडीला ३६,०००, आमच्या म्हातारीला ४५,४००. सरकारचं म्हणणं, जुनी मोडा, नवी घ्या, पर्यावरण वाचवा. महिन्यातून चार वेळा निघणारी गाडी मोडीत काढून नवी बनवण्यात कुठलं पर्यावरण वाचतं ते त्यांना ठाऊक.

सगळ्यात महाग पार्किंग. शाको शोमेइ नावाचा दाखला लागतो: घरापासून दोन किलोमीटरच्या आत गाडीला हक्काची जागा आहे, हे पोलिसांकडून मंजूर करून आणायचं. तो नसेल तर गाडी नावावर होत नाही. योकोहामात छप्पर असलेली जागा मिळवणं हे लग्न जमवण्याइतकं नाजूक काम आहे.

पेट्रोल साधं चालतं, लिटरला ११-१२ देते.

स्वतः शाकेनला जाणाऱ्यांसाठी सांगतो, लाइनमध्ये घाबरण्यासारखं काही नाही. चाकांची दिशा, ब्रेक, स्पीडोमीटर, धूर, दिवे, मग खालून एक माणूस हातोडीनं ठोकत बघतो. पुढच्या गाडीत काय चाललंय ते बघत राहायचं, डोक्यावरच्या पाटीवर सूचना येतात. पहिल्यांदा आलोय असं आधीच सांगितलं की ते स्वतः सोबत चालतात. आपल्या आरटीओत असं कोणी चाललं तर मी खिसा तपासेन.

सातारी_कंदी (कोबे)

माझीही एनए! १९९४ ची, १.८. आणि हो, ऑटोमॅटिक. हसून घ्या.

शुद्ध_तूप (न्यू जर्सी)

ताई, ऑटोमॅटिक रोडस्टर म्हणजे उपासाची मिसळ.

सातारी_कंदी

उपासाची मिसळ साताऱ्यात चवीनं खातात, तूपसाहेब. माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, क्लच दाबत बसले तर दुसऱ्याचंही करावं लागेल. चार गिअरचा ऑटोमॅटिक माझदानं १९९० पासूनच दिला होता, म्हणजे कंपनीलाही आमच्यासारख्यांची आठवण होती. टप मॅन्युअलवाल्यांचा उघडतो तेवढाच माझाही उघडतो.

सदाशिव_पेठी, सामानाबद्दल: दोन माणसांचं दोन रात्रींचं सामान डिकीत बसतं, बॅगा मऊ असतील तर. कडक ट्रॉली घेऊन आलात तर तुम्ही किंवा ट्रॉली, एकानं ट्रेननं यायचं.

दहाचा_पाना (ठाणे)

वडिलांचं गॅरेज होतं, त्यामुळे धागा बघून हात शिवशिवले. एक आठवण सांगतो. मारुती ८०० पहिल्यांदा कामाला यायला लागली तेव्हा गॅरेजमधले पाने बदलावे लागले. आपल्याकडे पान्याचे जोड १०-११, १२-१३ असे. जपानी गाडीत ८, १०, १२, १४, १७. आठ मिलिमीटर जाडीच्या बोल्टाला जर्मन लोक १३ चं डोकं देतात, जपानी १२ चं. तेरा लावला की डोकं गोल झालंच. फुलीच्या स्क्रूचंही तसंच. जपानी फुली आणि आपण वापरतो ती फिलिप्स दिसायला सारखी, पण खाचेचा उतार वेगळा. फिलिप्स लावला की तो वर चढून बाहेर येतो आणि खाच खाऊन टाकतो. पस्तीस वर्षं बसलेला स्क्रू असला तर मग ड्रिल आणा. जपानी मापाचा स्क्रूड्रायव्हर जपानात कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत असेल, तुमची चैन आहे.

खोपोलीकर, तुमचं इंजिन आखूड नाकाचं आहे का?

खोपोलीकर

पाना, तुम्ही घरचे निघालात. हो, आखूड नाकाचं.

बाकीच्यांसाठी: १९९१ च्या मध्यापर्यंतच्या १.६ इंजिनांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड आहे आणि पुली धरून ठेवणाऱ्या चावीची खाचही तोकडी. टायमिंग बेल्ट बदलताना मधला बोल्ट नीट टॉर्क लावून आवळला नाही, तर चावी हळूहळू खाच खाते. पुली डुलायला लागते, टायमिंग सरकतं, गाडीचा दम जातो आणि दुरुस्ती म्हणजे अख्खा क्रँक. ओळखायची खूण सोपी. बॉनेट उघडून क्रँकच्या पुलीकडे वाकून बघा, चार खाचा दिसल्या तर आखूड, आठ दिसल्या तर लांब. आखूड म्हणजे गाडी टाकाऊ असं मुळीच नाही. बोल्ट आधीच्या मालकांकडे कोणी सोडला, कसा आवळला, याचे कागद मागा. इंजिन चालू असताना पुली शांतपणे फिरतेय की डोलतेय ते दोन मिनिटं टक लावून बघा. दिलासा एकच, बेल्ट तुटला तरी या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटत नाहीत.

सकाळी चालू केल्यावर टॅपेटची टकटक येते, तिला घाबरू नका. हायड्रॉलिक लिफ्टरमध्ये तेल पोचलं की थांबते. गरम इंजिनात थांबत नसेल तर तेल कधी बदललं ते विचारा. इंजिनाच्या मागच्या टोकाला कॅम अँगल सेन्सर असतो, त्याची ओ-रिंग हमखास गळते. ओ-रिंग चहाच्या किमतीत येते, पण हात पोचत नाही अशा जागी आहे. ते तेल खालच्या हीटरच्या रबरी नळ्यांवर ठिबकतं आणि नळ्या फुगतात, मग खर्च चहावरून जेवणावर जातो. रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी मूळची काळी. ती चॉकलेटी झाली असेल तर दिवस भरलेत, उन्हाळ्याची वाट न बघता बदला.

गाडीवान (मिल्टन कीन्स)

इंजिनाचं सगळं बरोबर, पण या गाड्या इंजिनानं मरत नाहीत. पत्र्यानं मरतात. ब्रिटनमध्ये याचं जिवंत प्रदर्शन आहे.

इथं नव्वदीत जपानातून वापरलेल्या युनोस बोटी भरभरून आल्या. स्टिअरिंग उजवीकडेच, किंमत ब्रिटिश एमएक्स-५ पेक्षा कमी, लोकांनी उचलल्या. माझी त्यातलीच. स्पीडोमीटर किलोमीटरचा होता, त्यावर मैलांची तबकडी लावलेली आहे. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते खालून खातं. पाणी वरून खातं, आणि ते कसं हे प्रत्येक एनए-वाल्यानं समजून घ्यावं.

टप मिटून बसतो तिथे, सीटच्या मागे दोन्ही कोपऱ्यांत पाणी जायला एकेक भोक आहे. टपावर पडलेलं पाणी तिथून नळीनं खाली मागच्या चाकाच्या पुढे बाहेर पडतं. गाडी झाडाखाली राहिली की सुकी पानं, माती, बारीक काड्या जाऊन भोक तुंबतं. पाणी मग थेट दाराखालच्या सिलच्या पोकळीत उतरतं आणि तिथेच मुक्काम करतं. बाहेरून रंग चकाकतोय, आत चाळणी झालेली. मागच्या चाकाच्या अगदी पुढचा सिलचा कोपरा अंगठ्यानं दाबा. रंगाखाली फोड आल्यासारखं लागलं तर पत्रा संपलाय असं धरा. तिथे लोक पुट्टी भरून रंग मारतात, म्हणून लोहचुंबक कापडात गुंडाळून फिरवा. पुट्टीवर तो चिकटत नाही.

परीक्षा अशी: टप थोडा उचलून त्या कोपऱ्यात अर्धा पेला पाणी ओता आणि खाली वाकून बघा. लगेच धार आली तर ठीक. थेंबथेंब आलं तर गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी हळूच आत घाला. टोकदार तार खुपसू नका, नळी फाटली तर पाण्याला राजमार्ग मिळेल.

इथल्या वार्षिक एमओटी तपासणीत सिल हा गाडीच्या सांगाड्याचा भाग धरतात. सडलेला सापडला की नापास. कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. गेल्या साली मी दोन्ही बाजूंचं केलं. पहिल्या वेल्डरनं जुन्या गंजावरच नवी पट्टी चढवून दिली होती, ती सगळी उतरवून दुसऱ्याकडून परत. पैसे दोनदा गेले. कामाच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो मागा, नाही म्हणाला तर गाडी परत आणा.

अवांतर: इथं जुन्या गाड्यांचा रस्ता कर इंजिनावर ठरतो, रेषा १५४९ सीसीला. आपलं १५९७. त्या अठ्ठेचाळीस सीसीसाठी वरच्या गटाचे पैसे भरतोय. चाळिशी पूर्ण झाली की कर माफ, म्हणजे १९८९ च्या गाड्यांना २०३० मध्ये. तोवर दोघेही टिकू अशी आशा.

सातारी_कंदी

गाडीवान दादा, आत्ता खाली जाऊन पाणी ओतून आले. डावीकडे धार, उजवीकडे थेंबथेंब. उद्याची सुट्टी लागली कामाला. धन्यवाद म्हणू की काय म्हणू!

अनवाणी (कोल्हापूर)

धागा एका बैठकीत वाचला. भावांनो, एकच सांगा, ही गाडी कोल्हापुरात आणता येईल का? खर्चाचं बघू, आधी कायद्याचं सांगा.

दहाचा_पाना

विसर. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही. व्हिंटेजची वाट आहे, पण तिला पन्नाशी लागते. २०२१ पासून पन्नाशीपुढच्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा नंबरही मिळतो. म्हणजे १९९० ची युनोस २०४० नंतर. माझदानं ही गाडी भारतात कधी अधिकृतपणे विकलीच नाही, त्यामुळे इथली कुणाची घ्यावी म्हटलं तर तीही वाट बंद.

चहाटळ

२०४० पर्यंत पेट्रोल मिळालं नाही तर अनवाणी तिला बैल जुंपेल. कोल्हापूर आहे ते, शर्यतही जिंकेल.

अनवाणी

बैल चालतील, पण पॉप-अप दिवे पाहिजेत.

उंडगा (नागोया)

पॉप-अपवरून आठवलं. खोपोलीकर, दिवे अर्धे उघडून अडकले तर काय करता? मित्राच्या गाडीचा एकच डोळा उघडा राहिला होता, बिचारी दिवसभर डोळा मारत हिंडत होती.

माझी गाडी अजून लहान. होंडा बीट, १९९१ ची. ६५६ सीसी, तीन सिलिंडर, टर्बो नाही, इंजिन सीटच्या पाठीमागे. ६४ अश्वशक्ती, तीही ८१०० आरपीएमला. वजन ७६० किलो. ६० च्या वेगातही वाटतं आपण काहीतरी बेकायदा करतोय. त्या काळात केइ गाड्यांत, म्हणजे जपानातल्या सगळ्यात छोट्या इंजिनांच्या वर्गात, तीन खुळी टू-सीटर आली: ऑटोझाम एझेड-१, बीट आणि सुझुकी कॅपुचिनो. एझेड-१ ची दारं पंखासारखी वर उघडतात. असली चैन त्या फुग्याच्या दिवसांतच परवडणार. केइ म्हणून करही हलका, १३ वर्षांवरच्या गाडीला १२,९०० येन.

बीटचं दुखणं म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले कपॅसिटर. वयोमानानं पाझरतात, पाझरलेलं सर्किट खातं आणि गाडी भर चौकात झोपते. पेटी उघडून कपॅसिटर बदलून देणारे लोक इथे आहेत, गाडी घेतली की पहिलं काम तेच. होंडानं २०१७ मध्ये बीटचे काही बंद झालेले पार्ट परत सुरू केले, त्यामुळे जीव भांड्यात पडला.

खोपोलीकर

उंडगा, बीटसाठी मानाचा मुजरा. दिव्याचं सोपं आहे. बॉनेट उघडायचं, दिव्याच्या मोटरवर रबरी टोपण असतं, ते काढलं की खाली फिरवायची मूठ. हातानं फिरवून दिवा वर आणायचा आणि घरी जायचं. डॅशबोर्डवर दिवे न लावता फक्त डोळे उघडायचा वेगळा स्विचही आहे. थंडीच्या प्रदेशात डोळे उघडे ठेवून गाडी लावतात, बर्फात चिकटू नयेत म्हणून.

पार्टच्या बाबतीत माझदानं मनावर घेतलंय. २०१७ च्या अखेरीस त्यांनी एनएसाठी स्वतःची जीर्णोद्धार सेवा सुरू केली. त्यानिमित्तानं बंद पडलेले भाग परत काढले: टपाचं कापड, नार्दीचं लाकडी स्टिअरिंग, १४ इंची अलॉय. ब्रिजस्टोननं तर मूळचा एसएफ-३२५ टायर १८५/६० आर १४ मापात पुन्हा बनवला. निसाननं स्कायलाइन जीटी-आरचे आणि टोयोटानं सुप्राचे पार्ट असेच परत आणलेत. पण संपूर्ण जीर्णोद्धाराची किंमत ऐकून मी पत्रक घडी करून खिशात ठेवलं. आपण एकेक ओ-रिंग बदलत जाणारी माणसं.

शुद्ध_तूप

माझं मत वेगळं. या गाड्या आता ठेव म्हणून बघा. अमेरिकेत परदेशी गाडी २५ वर्षांची झाली की आणता येते. २०१४ पासून निसानच्या आर३२ जीटी-आर यायला लागल्या आणि तेव्हापासून जपानातले भाव कुठे गेले ते बघताय. एनए इथे मुळातच विकली गेली म्हणून तिला तेवढा चटका बसला नाही, पण व्ही-स्पेशलसारख्या गाड्या बघा. गडद हिरवा रंग, तपकिरी चामड्याच्या सीट, लाकडी स्टिअरिंग. अशी गाडी मिळाली तर मूळ स्थितीत, कमी किलोमीटरवर, झाकून ठेवायची. एकही स्क्रू बदलायचा नाही. दहा वर्षांनी माझी आठवण काढाल.

गाडीवान

तूपराव, झाकून ठेवलेली गाडी दहा वर्षांनी उघडाल तेव्हा माझी आठवण काढाल. उभ्या गाडीत ब्रेकचे कॅलिपर धरतात, क्लचचा स्लेव्ह सिलिंडर गळतो, पेट्रोल टाकीत चिकट होतं, सील सुकतात, टायर एका बाजूला चपटे होतात. मागे कमी किलोमीटरची म्हणून एक गाडी बघायला गेलो होतो. क्लच दाबला तो जमिनीवरच राहिला. मालक म्हणे, ‘फक्त नऊ हजार मैल!’ म्हटलं, त्याचंच दुखणं आहे.

खोपोलीकर

मी गाडीवानाच्या बाजूनं. चार लाखांहून जास्त एनए बनल्या, ही काही तिजोरीतली वस्तू नाही. सगळ्या पिढ्या धरून रोडस्टरनं २०१६ मध्ये दहा लाखांचा आकडा गाठला, दोन सीटच्या स्पोर्ट्स गाड्यांत विक्रम तिचाच आहे. चालवायला केली, लोकांनी चालवली. जपानात आज चांगल्या गाडीला १० ते २० लाख येन पडतात, म्हणजे ती आता स्वस्तही राहिलेली नाही, तेव्हा तूप म्हणतात त्यात तथ्य आहे. पण एवढे पैसे घालून ताडपत्रीकडे बघत बसायचं तर सोनं घ्यावं, त्याला शाकेन लागत नाही.

बदल करण्याबद्दल मी मधला माणूस. परत मूळ रूपात आणता येईल असं काहीही करावं. मी सीटमागे रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी कमान, बसवलाय, बोल्टवर आहे. पत्रा कापणाऱ्यांशी मात्र माझं जमत नाही.

सदाशिव_पेठी

सुरक्षिततेबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मीच बोलतो. एअरबॅग आहे का? एबीएस?

सातारी_कंदी

काका, सुरुवातीच्या जपानी गाड्यांत दोन्ही नसतात. खोटं कशाला सांगू. हायवेला ट्रकच्या बाजूला गेले की त्याच्या चाकाचे नट माझ्या डोळ्यांच्या रेषेत येतात, ड्रायव्हरला मी दिसतच नाही असं धरून चालते. पावसात रात्री एक्स्प्रेसवेवर नेत नाही. टायर नक्षीची खोली शिल्लक असली तरी वयानं बदलते, कडक झालेलं रबर ओल्यात धरत नाही. लेकीला शाळेत सोडायला घरची दुसरी गाडी आहे. ही माझी एकटीची आहे आणि ते घरात सगळ्यांना मान्य आहे.

टप कसा उघडायचा तेही सांगून टाकते, कारण नवीन लोक इथेच वाट लावतात. मागची खिडकी प्लॅस्टिकची आहे. आधी तिची चेन पूर्ण उघडायची, खिडकी सपाट खाली झोपवायची, वर जुना मऊ टॉवेल पसरायचा, मग पुढचे दोन खटके सोडून टप मागे न्यायचा. चेन न उघडता टप ढकलला की खिडकीला घडी पडते, पुढच्या वेळी त्याच घडीवर तडा. थंडीत प्लॅस्टिक कडक असतं, तेव्हा हीटर लावून गाडी आतून गरम होईपर्यंत थांबायचं. सरावानं सगळं सिग्नल सुटायच्या आत होतं.

उंडगा

टॉवेलची युक्ती +१. मे अखेरीस करुइझावाला कोण कोण येतंय? १९९३ पासून तिथे रोडस्टरवाल्यांचा मेळा भरतो, हजारभर गाड्या एका मैदानात. मी बीट घेऊन येणार, बाहेरच्या पार्किंगमध्ये उभा करतील.

खोपोलीकर

मी नक्की. पण त्याआधी रविवारी दाइकानझानला जमू या का? सकाळी साडेसातला वरच्या पार्किंगमध्ये. नंतर गर्दी होते आणि मोटरसायकलवाले सगळी जागा घेतात. पाऊस असेल तर रद्द.

सातारी_कंदी

कोबेहून सकाळी साडेसातला? शनिवारी ओदावाराला मुक्काम करते. भडंग आणते, पाच किलोचा डबा आहे.

खोपोलीकर

डबा नको, पिशव्या आणा. डिकीत उजवीकडे बॅटरी आहे आणि मधे स्टेपनी, गोल काही बसत नाही. बॅटरीच्या बाजूला खाद्यपदार्थ ठेवू नका, आणि आणायला गेलात तर तिच्याखालचा पत्राही एकदा बघून घ्या.

चहाटळ

फोटोचं काय झालं?